सेलिब्रिटीची गिटार चॅरिटी लिलावात घ्यायचीये? पॅडल वर करायच्या आधी हे वाचा

देवळातल्या उत्सवात नारळाची बोली लागते ती बघितलीय ना? बाजारात तीस-चाळीस रुपयांना मिळणारा नारळ, पण देवापुढचा म्हणून कुणीतरी पाच हजार म्हणतं, दुसऱ्याला ते सहन होत नाही तो सात म्हणतो, आणि शेवटी एकवार-दोनवार-तीनवार होऊन अकरा हजारांना जातो. घेणाऱ्याला कुणी येडा म्हणत नाही. नारळ तीस रुपयांचा, बाकीचे देवळाच्या छपराला, आणि त्यातले थोडे गावासमोर आपलं नाव पुकारलं त्याचे, हा हिशोब अख्ख्या गावाला पाठ असतो.

रॉकस्टारच्या गिटारीचा लिलाव म्हणजे हाच नारळ, फक्त हिशोब कुणी समोर मांडून दाखवत नाही. मी न्यू जर्सीत राहतो, गिटार वाजवतो (बरी वाजवतो, बायकोचं मत वेगळं), आणि गेली काही वर्षं हे लिलाव फॉलो करतोय. दोनदा घेतलंय, त्यातलं एकदा सपशेल फसलोय. ओळखीतले लोक विचारत राहतात की अमक्याने सही केलेली गिटार फंडरेझरमधे आहे, घेऊ का? म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

आधी कागदावर तीन आकडे लिहा

कुठलंही वाद्य असो, त्याच्या लिलावातल्या किमतीत तीन गोष्टी मिसळलेल्या असतात. एक, नुसत्या वाद्याची किंमत, म्हणजे तसंच वाद्य दुकानात किंवा सेकंडहँड कितीला मिळेल. दुसरी, ज्या हातांनी ते वाजवलं त्या हातांची. आणि तिसरी, दान. हे तीन आकडे वेगवेगळे लिहून काढले की बऱ्याच जणांची अर्धी हौस तिथेच उतरते, आणि ज्यांची उतरत नाही त्यांनी खुशाल घ्यावं, हौसेला मोल नसतं.

तिन्हींचं एकेक टोकाचं उदाहरण देतो म्हणजे डोक्यात बसेल.

२००५ मधे कतारला दोहामधे एक फेंडर स्ट्रॅटोकास्टर (इलेक्ट्रिक गिटारीचं गाजलेलं मॉडेल, थोडक्यात 'स्ट्रॅट') २७ लाख डॉलरला गेली. ती कुणी कुठल्या गाजलेल्या अल्बमवर वाजवलेली नव्हती, तिच्यावर सह्या होत्या, क्लॅप्टन, जॅगर, कीथ रिचर्ड्स, ब्रायन अ‍ॅडम्स अशी मोठी यादी, आणि पैसे त्सुनामीग्रस्तांसाठी. म्हणजे हा जवळजवळ सगळा आकडा दानाचा.

दुसरं टोक २०११ चं. 'लेडी ब्लंट' नावाचं व्हायोलिन, स्ट्राडिव्हारी या नावाजलेल्या इटालियन कारागिराचं, १७२१ सालचं, कवी बायरनच्या नातीच्या मालकीचं होतं म्हणून ते नाव. निप्पॉन म्युझिक फाउंडेशनने ते जपानच्या भूकंप-त्सुनामीच्या मदतीसाठी विकायला काढलं, ९८ लाख पौंड आले. इथे मूळ वाद्यच इतकं दुर्मिळ की लेडी ब्लंट बाईंचं नाव काढून टाकलं तरी किंमत फार हलली नसती.

आणि हातांची किंमत बघायची असेल तर पिंक फ्लॉइड बँडच्या डेव्हिड गिलमोरची ब्लॅक स्ट्रॅट. १९७० मधे न्यूयॉर्कच्या मॅनीज दुकानातून घेतलेली साधी फॅक्टरी गिटार. जून २०१९ मधे ख्रिस्टीज या लिलावघरात तिचा अंदाज होता एक ते दीड लाख डॉलर, आणि गेली ३९ लाख ७५ हजारांना. त्या एका दिवसात त्याच्या सव्वाशेच्या आसपास लॉटचे (लॉट म्हणजे बोलीला काढलेली एकेक वस्तू) मिळून जवळपास २ कोटी १५ लाख डॉलर झाले आणि ते सगळे क्लायंटअर्थ या पर्यावरणासाठी कोर्टात लढणाऱ्या संस्थेला गेले.

तेव्हा मी लिलावाआधीचं प्रदर्शन बघायला रॉकफेलर सेंटरला गेलो होतो. हे प्रदर्शन फुकट असतं बरं का, खिशात दमडी नसली तरी कुणी हाकलत नाही. त्या गिटारीचा काळा रंग मुळातला नाही, खाली सनबर्स्ट (मधे फिकट, कडेला गडद अशी छटा) आहे, वरून काळा मारलेला, आणि हात घासून घासून कडेला तो रंग उडालाय तिथे खालचं दिसतं. ट्रेमोलोचा दांडा (सूर लहरता करायचा) नेहमीपेक्षा आखूड, कारण गिलमोरला तो तसाच लागायचा. मान तर कितीवेळा बदललेली. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ उभे होते, हात मागे बांधून, देवळात उभं राहावं तसे, आणि पंधरा मिनिटं ते काहीच बोलले नाहीत. मला वाटतं ३९ लाखांचा आकडा कुठून येतो ते मला त्यांच्याकडे बघून कळलं, कॅटलॉग वाचून कळलं नव्हतं.

दान नक्की कुणाला आणि किती, ती ओळ शोधा

नवखा माणूस ही पायरी शंभर टक्के गाळतो. 'चॅरिटी ऑक्शन' हा शब्द फार सैल आहे. गिलमोरने सगळे दिले. डायर स्ट्रेट्स बँडच्या मार्क नॉफ्लरच्या गिटारी ३१ जानेवारी २०२४ ला लंडनमधे विकल्या, ८८ लाख पौंडांच्या वर गेल्या, त्यात २५ टक्के तीन संस्थांना वाटून, आणि हे आधीपासून स्वच्छ लिहिलेलं होतं, त्यात काही लपवाछपवी नाही. निर्वाणा बँडच्या कर्ट कोबेनची मस्टँग गिटार २०२२ मधे ४५ लाख डॉलरच्या वर गेली तेव्हा 'काही भाग' मानसिक आरोग्याच्या कामासाठी होता. तर 'काही भाग' हे वाक्य दिसलं की थेट इमेल टाकून विचारायचं, किती टक्के? हातोड्याच्या किमतीवर, म्हणजे शेवटच्या बोलीवर, की खर्च वजा जाऊन? विचारायला लाजू नका, नीट संस्था असेल तर एका दिवसात उत्तर येतं आणि उत्तर येत नसेल तर तेच उत्तर.

ग्रेटफुल डेड बँडच्या जेरी गार्सियाच्या 'वुल्फ' गिटारीचं उदाहरण मला सगळ्यात आवडतं. डग आयर्विन या कारागिराने बनवलेली, २००२ मधे ७ लाख ८९ हजार ५०० डॉलरला गेली होती. २०१७ मधे, तेव्हा ती घेतलेल्या त्याच मालकाने ब्रुकलिनमधे ती परत लिलावाला काढली, या वेळी सदर्न पॉव्हर्टी लॉ सेंटर या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेसाठी. हातोडा १६ लाखांवर पडला, तेवढेच १६ लाख वरून दुसऱ्या दात्याने घातले, संस्थेला ३२ लाख. घेणाऱ्याला मात्र प्रीमियम, म्हणजे लिलावघराचं वरचं कमिशन, धरून १९ लाख पडले.

आता माझी फजिती. काही वर्षांपूर्वी इथल्या एका संस्थेच्या डिनरला गेलो होतो, नाव नाही सांगत, काम चांगलं करतात. भिंतीकडेला टेबलांवर सायलेंट ऑक्शन, प्रत्येक वस्तूपुढे कागद आणि पेन, आपला नंबर आणि आकडा लिहायचा. एक लाल गिटार होती, पांढऱ्या पिकगार्डवर (तारांखाली स्क्रूने बसवलेली प्लास्टिकची पट्टी) सही, शेजारी होलोग्रामवालं सर्टिफिकेट आणि फ्रेम केलेला फोटो. पोटात दोन ग्लास वाइन. मी ९०० डॉलर लिहिले, मग कुणीतरी ९५०, मग मी पेटलो आणि ११०० लिहून तिथेच उभा राहिलो, दुसऱ्या कुणाला पेन मिळू नये म्हणून. घरी येऊन दुसऱ्या दिवशी तारा बदलायला घेतल्या तर लक्षात आलं की पिकगार्डचे स्क्रू कोरे करकरीत आणि दोन तिरके बसवलेले. उघडलं. पिकगार्डच्या मागच्या बाजूला दुकानातून आल्यावर जी पातळ प्लास्टिक फिल्म असते ती तशीच चिकटलेली! म्हणजे सही सुट्या पिकगार्डवर घेतलेली (खरी असेल तर), आणि नंतर तो दीडशे डॉलरच्या गिटारीवर ठोकलेला. त्या सहीवाल्याने ही गिटार आयुष्यात बघितलेली पण नसणार.

पण खरा धक्का पुढे बसला. संस्थेतल्या ओळखीच्या ताईंना फोन केला तर म्हणाल्या अहो ती गिटार आम्हाला देणगीत नव्हती मिळाली, एक विक्रेता या वस्तू आणून ठेवतो, त्याची किमान किंमत ठरलेली, त्याच्या वर जे येईल तेवढंच आमचं. त्या गिटारीवर त्याची किंमत होती ८५०. म्हणजे माझ्या ११०० मधले अडीचशे चांगल्या कामाला गेले आणि ८५० एका दुकानदाराला. याला कन्साइनमेंट म्हणतात, यात बेकायदा काही नाही, बऱ्याच फंडरेझरमधे चालतं. पण मी दीडशेच्या गिटारीवर सातशे डॉलर कुणाच्या हातात घातले हे मला कुणी विचारू नका.

तेव्हापासून टेबलापाशी पहिला प्रश्न, ही वस्तू दान आलीय की कन्साइनमेंटवर? कन्साइनमेंट असेल तर मी सरळ चेक लिहून देतो, अडीचशेचा, पूर्ण संस्थेला, आणि जेवायला बसतो.

सही केलेली आणि वाजवलेली यात जमीन-अस्मानाचा फरक

सही पाच सेकंदात होते. वाजवण्यात वर्षं जातात आणि ती लाकडावर दिसतात. म्हणून मोठे लिलाव सहीवर फार विसंबत नाहीत, ते फोटो जुळवतात. लाकडाच्या रेषा हे ठशांसारखं काम करतात, दोन फळ्यांची नक्षी कधी सारखी नसते. बीटल्सच्या जॉन लेननची गिब्सन जे-१६०ई गिटार, १९६२ मधे घेतलेली, १९६३ च्या शेवटी हरवली, आणि पुढे कित्येक वर्षं कॅलिफोर्नियातल्या एका माणसाकडे, त्याला ती कुणाची हे माहीत नसताना. ती सिरीयल नंबर आणि लाकडाच्या रेषा जुन्या फोटोंशी ताडून ओळखली, २०१५ मधे २४ लाख डॉलरवर गेली. एरिक क्लॅप्टनच्या 'ब्लॅकी' नावाच्या गिटारीच्या डोक्यावर सिगारेटचा डाग आहे, तारांच्या टोकात सिगारेट खोचून ठेवायचा त्याचा. असे डाग, ओरखडे, बदललेले पार्ट हेच तिचं आधारकार्ड समजा.

तेव्हा तुम्ही काय करायचं: विकणाऱ्याकडून हाय रिझोल्यूशन फोटो मागवा, पुढून मागून आणि हेडस्टॉकचा, म्हणजे डोक्याचा, आणि यूट्यूबवर त्या कलाकाराचे जुने कॉन्सर्ट लावून पॉज करत बसा. कंटाळवाणं काम आहे पण एक रविवार जातो फार तर. कागदपत्रात बघायचं की कलाकाराकडून आजपर्यंत कुणाकुणाच्या हातात गेली त्याची साखळी तुटत तर नाही ना. 'एका क्रू मेंबरकडून मिळाली' एवढंच असेल तर त्या क्रू मेंबरचं सहीचं पत्र हवं. आणि नुसत्या होलोग्रामला भुलू नका, माझ्याकडे एक आहे, हवा असेल तर फुकट देतो.

एस्टिमेट म्हणजे किंमत नव्हे

कॅटलॉगमधला अंदाज मुद्दाम कमी ठेवतात, लोक यावेत म्हणून. ब्लॅकीचा अंदाज एक-दीड लाख डॉलर होता, २००४ मधे ९ लाख ५९ हजार ५०० ला गेली, पैसे क्लॅप्टनच्या अँटिग्वातल्या व्यसनमुक्ती केंद्राला. गंमत म्हणजे ही गिटार त्याने १९७० च्या सुमाराला नॅशव्हिलमधे स्वस्तात घेतलेल्या जुन्या स्ट्रॅटमधल्या तिघींचे चांगले चांगले भाग काढून जोडलेली, आपल्याकडे जुन्या बाजारातून बुलेट जोडतात तशी.

पण उलटंही होतं. क्वीन बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्समधे पियानो शिकलेला फारुख बलसारा, त्याचा यामाहा बेबी ग्रँड सप्टेंबर २०२३ मधे सदबीज या लिलावघरात आला तेव्हा अंदाज होता २० ते ३० लाख पौंड, आणि प्रीमियम धरूनसुद्धा साधारण १७ लाख ४२ हजारांना गेला. त्याच लिलावात त्याच्या बागेचा दरवाजा, ज्यावर चाहत्यांनी पेनाने लिहून लिहून भिंत करून टाकलेली, पंधरा ते पंचवीस हजार पौंडांच्या अंदाजावरून चार लाखांच्या वर गेला. पियानोपेक्षा दाराला जास्त मारामारी. तेव्हा अंदाजाकडे बघून 'स्वस्तात मिळतंय' किंवा 'आपल्याला परवडणार नाही' दोन्ही ठरवू नका.

पैशाचा पूर्ण हिशोब, नाहीतर तोंडाला फेस येतो

हातोडा पडला तो आकडा तुम्ही भरत नाही, त्याहून बराच जास्त भरता. मोठ्या ऑक्शन हाउसचा बायर्स प्रीमियम साधारण पंचवीस टक्क्यांच्या आसपास असतो, फार मोठ्या रकमेवर कमी होत जातो. न्यूयॉर्क शहरात डिलिव्हरी घेतली तर वर ८.८७५ टक्के सेल्स टॅक्स. मग पॅकिंग, इन्शुरन्स, शिपिंग. माझा ठोकताळा: खिशात दहा हजार असतील तर सात हजारांवर हात खाली.

टॅक्सचं. अमेरिकेतल्यांनी नीट वाचा. संस्थेकडून थेट घेतली असेल तर वजावट फक्त बाजारभावाच्या वर दिलेल्या रकमेची, म्हणजे ५०० ची गिटार ३००० ला घेतली तर २५०० दान, आणि तेही बाजारभाव तुम्हाला आधी माहीत होता हे दाखवता आलं तर, म्हणून कॅटलॉगचं ते पान जपून ठेवा. ७५ डॉलरच्या वर अशी देवाणघेवाण असेल तर संस्थेने वस्तूची अंदाजे किंमत लेखी द्यायची असते, मागून घ्या. पण मोठ्या ऑक्शन हाउसमधे एखादा स्टार आपली गिटार विकून पैसे संस्थेला देतो तिथे दान त्याचं असतं आणि तुमची ती साधी खरेदी. भारतातल्या मित्रांना वाटतं ८०जीची करसवलत मिळेल, तर परदेशी संस्थेला ते लागूच नाही, आणि नवीन टॅक्स रेजिममधे असाल तर तसाही विषय संपला.

भारतात आणायची असेल तर कस्टम ड्युटी वेगळी, आणि ती तुम्ही भरलेल्या पूर्ण बिलावर लागते, दीडशेच्या लाकडावर नाही. 'साहेब, जुनी वापरलेली आहे' चालत नाही. बोली लावायच्या आधी क्लिअरिंग एजंटशी बोलून घ्या. आणि लाकूड तपासा: ब्राझिलियन रोझवूडवर १९९२ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराची कडक बंधनं आहेत, जुन्या महागड्या अकूस्टिक गिटारींची पाठ बऱ्याचदा त्याचीच असते, परमिटशिवाय सीमा ओलांडली तर जप्त. बाकीची रोझवूड, आपली शिसवी धरून, तयार वाद्यात असतील तर २०१९ च्या शेवटापासून सूट आहे. जुन्या पियानोच्या पट्ट्या हस्तिदंती असतील तर भारताचा विचारच सोडा.

लिलावाच्या दिवशी

एक आठवडा आधी रजिस्ट्रेशन करा, मोठ्या लॉटला बँकेचं पत्र किंवा डिपॉझिट मागतात. रिझर्व्ह आहे का विचारून ठेवा, म्हणजे ज्याच्या खाली विकत नाहीत तो आकडा. तिथपर्यंत पोचायला ऑक्शनर विकणाऱ्याच्या वतीने स्वतःच बोली पुकारू शकतो, त्यामुळे हॉलमधे खूप चुरस दिसतेय म्हणून भारावून जाऊ नका. ऑनलाइन असेल तर शेवटच्या मिनिटाला बोली लागली की बऱ्याच ठिकाणी वेळ वाढते, म्हणून 'शेवटच्या सेकंदाला मारतो' ही हुशारी तिथे चालत नाही.

आकडा हातावर पेनाने लिहा. खरंच सांगतो, तळहातावर. आणि शेजारी अशा माणसाला बसवा ज्याला गिटारीत शून्य रस आहे. दुसऱ्या वेळी मी बायकोला नेलं होतं, एका गिटारीस्टच्या जुन्या अँपसाठी (अँप्लिफायर), गिटार आपल्या आवाक्यातली नव्हती पण त्याच लिलावात पट्टे, केस, पेडल, अँप अशा बारीक गोष्टी असतात आणि नवख्याने तिथूनच सुरुवात करावी. माझा हात ठरलेल्या आकड्याच्या वर जायला लागला तर तिने मनगट धरलं, आणि पुढचा माणूस थांबलाच होता, अँप मिळाला.

आणखी एक पळवाट, ब्लॅकी 'गिटार सेंटर' या वाद्यांच्या दुकानांच्या साखळीने घेतली तेव्हा पुढे २००६ मधे फेंडरने तिच्या २७५ हुबेहूब नकला काढल्या, डाग-ओरखड्यांसकट, किंमत सुमारे २४ हजार डॉलर. नकलेला २४ हजार म्हणजे मला तरी जड आहे, पण ज्याला वाजवायचंय त्याला पर्याय असतो एवढं लक्षात ठेवा.

घरी आल्यावर

शिपिंगच्या आधी तारा थोड्या सैल करायला सांगा, विशेषतः गिब्सन असेल तर, तिचं डोकं मागे झुकलेलं असतं आणि बॉक्स पडला की मान तिथेच मोडते. इन्शुरन्स तुम्ही भरलेल्या किमतीचा हवा, कुरियरवाल्याच्या नेहमीच्या पावतीवर जाऊ नका. अकूस्टिक असेल तर खोलीत ४५ ते ५० टक्के आर्द्रता ठेवा, इथल्या हिवाळ्यात हीटरने लाकूड तडकतं आणि मुंबईच्या पावसाळ्यात फुगतं, दोन्हीकडे वीस डॉलरचं मीटर आणि केसमधे आर्द्रतेची पाकिटं पुरतात. पिकगार्ड उघडायची खाज सुटेल (मला सुटली होती), पण खरी वाजवलेली गिटार असेल तर एकही स्क्रू फिरवू नका, जुना सोल्डर आणि धूळसुद्धा पुराव्यात धरतात, आधी फोटो काढून तज्ज्ञाला दाखवा.

आणि थंडीतून बॉक्स आला तर लगेच उघडू नका. केस बंद ठेवून निदान चोवीस तास घरात पडू दे, नाहीतर गरम हवा लागून पॉलिशला बारीक जाळी पडते. त्या चोवीस तासांत घरातल्यांना खरी किंमत सांगायची का ते ठरवा.